आधी वेळापत्रक, मग रूळ: प्रादेशिक वाहतूक आराखड्याबद्दल एका रहिवाशाचं म्हणणं

शेवटचा_थांबा

प्रादेशिक वाहतुकीचा कुठलाही आराखडा उघडा. पहिल्याच पानावर नकाशा असतो, नकाशावर रंगीत रेघा. जाड रेघ म्हणजे मंजूर मेट्रो, बारीक म्हणजे प्रस्तावित, तुटक म्हणजे आपल्या नातवंडांसाठी. पुढे किलोमीटर, स्थानकं, खर्चाचे तक्ते, २० वर्षांनंतरची लोकसंख्या. एवढ्या पसाऱ्यात एक साधी गोष्ट शोधूनही सापडत नाही: माझ्या थांब्यावर गाडी किती मिनिटांनी येणार आणि पुढच्या गाडीशी तिचा मेळ बसणार का.

मी अभियंता नाही. शहराच्या हद्दीबाहेर राहते, कामासाठी रोज हद्द ओलांडते आणि स्वतःचं वाहन नाही, एवढीच माझी पात्रता. पण या विषयावर हाताला लागेल ते वाचत आले आहे आणि एक मत पक्कं झालंय. प्रादेशिक नियोजन वेळापत्रकापासून सुरू व्हायला हवं. दहा-पंधरा वर्षांनी लोकांना कुठून कुठे, किती मिनिटांनी गाडी मिळायला हवी ते आधी लिहून काढायचं आणि त्यासाठी जे लागेल तेवढंच बांधायचं. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. आधी मार्ग बांधून होतो, मग त्यावर किती गाड्या परवडतात ते बघतात, आणि त्या गाडीला जोडणारी बस हा तर कुणाच्याच टेबलावरचा विषय नसतो.

मला सगळ्यात पटलेलं उदाहरण स्वित्झर्लंडचं. मे १९८२ मध्ये तिथे देशभर तालबद्ध वेळापत्रक लागू झालं: मुख्य मार्गांवर दर तासाला, ठरलेल्या मिनिटाला गाडी. पुढचा टप्पा म्हणून ‘बान २०००’ योजना आली आणि डिसेंबर १९८७ मध्ये लोकांनी मतदान करून ती मंजूर केली. कल्पना अशी की मोठ्या स्थानकांत सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याआधी थोडा वेळ पोचाव्यात, प्रवाशांनी गाड्या बदलाव्यात आणि ठोक्यानंतर सगळ्या सुटाव्यात. हे जमायचं तर दोन मोठ्या स्थानकांमधला प्रवास तासाच्या थोडा आत बसायला हवा. झुरिक-बर्नला तेव्हा तासाहून जास्त लागायचा. म्हणून मॅटस्टेटन ते रोथ्रिस्ट असा सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला, डिसेंबर २००४ मध्ये तो सुरू झाला आणि प्रवास ५६ मिनिटांवर आला. ४० मिनिटांवर आणायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. ४० मिनिटांत पोचलेला प्रवासी जोडगाडीची वाट बघत फलाटावरच बसला असता. म्हणजे गाडीने किती वेगाने पळायचं हे वेळापत्रकाने ठरवलं आणि त्यावरून किती रूळ टाकायचे ते ठरलं. गावात जाणारी पिवळी टपाल-बसही त्याच ठोक्याला स्थानकाबाहेर उभी असते.

दुसरं उदाहरण हॅम्बुर्गचं. १९६५ मध्ये तिथल्या वेगवेगळ्या वाहतूक कंपन्यांनी मिळून संयुक्त मंडळ स्थापन केलं. वेळापत्रक एक, दरपत्रक एक, तिकीट एक. गाड्या पूर्वीच्याच कंपन्यांच्या, चालक त्यांचेच, पण प्रवाशाने कुठल्या कंपनीच्या गाडीत पाय ठेवला याच्याशी प्रवाशाला देणंघेणं नाही. पुढे जर्मनीतल्या बहुतेक शहरी प्रदेशांनी हाच साचा उचलला.

यावर ‘आमच्याकडेही समन्वय समिती आहे’ असं उत्तर हमखास मिळतं. समिती असते, बैठका होतात, इतिवृत्त लिहिलं जातं. पण वेळापत्रक आणि तिकिटाचे पैसे ज्याच्या हातात, त्याचंच चालतं. समितीच्या हातात यातलं काहीच नसेल तर ती चहापुरती.

तर माझी मागणी एवढी आहे की आराखड्यात नकाशाच्या आधी एक तक्ता हवा. प्रदेशातल्या वस्त्या उभ्या, रुग्णालयं, महाविद्यालयं, बाजार, कामाची ठिकाणं आडवी, आणि प्रत्येक चौकटीत दाराबाहेर पडल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ, वाट बघण्यासकट. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, रात्री १० चा वेगळा. प्रत्येक प्रकल्पाने या तक्त्यातल्या कुठल्या चौकटी सुधारतात ते दाखवायचं.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर जास्त आवडेल.

वाचनमात्र

रुमाल टाकतोय. सवडीने लिहीन.

रूळप्रेमी

लेख चांगला, पण स्वित्झर्लंडचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. तिथे शंभर-सव्वाशे वर्षांचं रेल्वेचं जाळं आधीपासून होतं, शहरं आटोपशीर होती. त्यांनी वेळापत्रक आधी केलं कारण रूळ आधीच होते. ज्या प्रदेशाची लोकसंख्या २०-२५ वर्षांत दुप्पट होते आणि रस्त्यावर बसला हलायला जागा नाही, तिथे कसलं वेळापत्रक करता? कागदावर काहीही लिहा, गाडी चौकातच अडकणार.

दुसरं, काही मार्गांवर गर्दीच अशी असते की रेल्वेशिवाय इलाज नाही. कोलंबियातल्या बोगोटाचं ट्रान्समिलेनिओ, म्हणजे स्वतंत्र मार्गिकांवर धावणाऱ्या बसची सेवा, हे बसच्या जगातलं मोठं नाव. २००० साली सुरू झालं, गर्दीच्या मार्गावर एका दिशेने ताशी ४० हजारांच्या आसपास प्रवासी नेऊन दाखवले. तरी शेवटी काय झालं? बस ओसंडून वाहायला लागल्या आणि आता बोगोटा मेट्रो बांधतंय. जे आज महाग वाटतं तेच पुढे पुरतं.

शेवटचा_थांबा

@रूळप्रेमी, मेट्रोला माझा विरोध नाही. ताशी ४० हजार माणसं एका दिशेने जात असतील तर वेळापत्रकाचा तक्ता स्वतःच ‘इथे रूळ लागतील’ असं सांगेल. माझा आक्षेप तक्ता न करता रेघ ओढण्याला आहे. आणि बोगोटाचं उदाहरण माझ्याही बाजूने जातं. मेट्रोचं काम सुरू होईपर्यंतची २० वर्षं लाखो लोक त्या बसमधूनच गेले. ती सोय केली नसती तर त्यांनी काय करायचं होतं?

शंभर वर्षांच्या जाळ्याबद्दल: झुरिकच्या मतदारांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वेचा प्रस्ताव फेटाळला. शहर हात चोळत बसलं नाही. १९७७ मध्ये लोकांनीच पुढाकार घेऊन ट्राम आणि बसला रस्त्यावर प्राधान्य देण्यासाठी पैसा मंजूर करवून घेतला. उपनगरी रेल्वेला १९८१ मध्ये होकार मिळाला आणि १९९० मध्ये ती सुरू झाली, त्याच दिवशी सगळ्या प्रांताचं एकच तिकीट लागू झालं. चौकात अडकणारी गाडी सोडवणं हा त्यांच्या वेळापत्रकाचाच भाग होता.

आगारवाला

नोकरीची बरीचशी वर्षं वेळापत्रक विभागात काढली. कुठे ते विचारू नका. शेवटचा थांबा यांनी जे लिहिलंय ते आम्ही आतून ओरडून सांगायचो, पण आमचा विभाग इमारतीच्या मागच्या बाजूला असतो.

बाहेर सगळ्यांना वाटतं गाड्या वाढवल्या की सेवा वाढते. हिशोब बघा. गाडी जाऊन-येऊन, दोन्ही टोकांचा थांबा धरून ६० मिनिटं घेते आणि दर १० मिनिटांनी गाडी द्यायची आहे. ६ गाड्या लागल्या. रस्त्यावर वाहनं वाढली, तीच फेरी ७० मिनिटांची झाली, आता ७ गाड्या. सातव्या गाडीची किंमत, तिचे चालक-वाहक, इंधन, दुरुस्ती हे सगळं अंगावर आलं आणि प्रवाशाला पूर्वीपेक्षा तसूभरही जास्त मिळालं नाही. उलट स्वतंत्र मार्गिका दिली, सिग्नलला बसला आधी सोडलं, तिकीट चढण्याआधी काढायची सोय केली आणि फेरी ५० मिनिटांवर आणली तर ५ गाड्यांत तेच काम होतं. सहावी मोकळी, दुसऱ्या मार्गावर टाका. बसची मार्गिका रंगवणं हे रस्ते खात्याचं काम समजतात, पण फायदा-तोटा आगाराच्या हिशोबात उमटतो. दोन्ही खाती वेगळी, वरिष्ठ वेगळे, म्हणून कुणी बेरीज करत नाही.

दुसरी गोष्ट. गर्दीच्या दोन-तीन तासांसाठी घेतलेली गाडी दुपारी आगारात उभी असते. चालकाला सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास अशी तोडून ड्युटी दिली तर मधल्या वेळेचा मोबदला कुठल्या ना कुठल्या रूपाने द्यावाच लागतो, नाहीतर माणसं टिकत नाहीत. त्यामुळे गर्दीच्या वेळची वाढीव फेरी सगळ्यात महाग. दुपारची स्वस्त, कारण गाडी घेतलेलीच आहे, माणूस आलेलाच आहे. तरी कपातीची कुऱ्हाड पडते ती दुपारच्या फेरीवरच, ‘रिकामी जाते’ म्हणून. ती रिकामी जाते कारण तिच्यानंतरची दीड तासाने आहे, आणि चुकली तर काय या धास्तीने माणूस तिच्यावर भरवसाच ठेवत नाही.

तिसरं, आराखड्यात आगारांच्या जागा कुठे दाखवल्यात ते बघत चला. मोक्याची जमीन विकायला काढतात आणि आगार शहराबाहेर नेतात. मग गाडी पहाटे पहिल्या थांब्यापर्यंत आणि रात्री शेवटच्या थांब्यावरून आगारापर्यंत रिकामी पळते. याला आम्ही डेड किलोमीटर म्हणतो. इंधन जळतं, पगार चालू असतो, प्रवासी शून्य. जमिनीचे पैसे एकदाच मिळतात, हे किलोमीटर रोजचे.

आकडेमोड

आगारवाल्यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. त्याला माझी थोडी पुरवणी.

दर १० मिनिटांनी गाडी असेल आणि ती नेमाने येत असेल तर सहज थांब्यावर आलेला माणूस सरासरी ५ मिनिटं थांबतो. आता त्याच गाड्या जोडीने यायला लागल्या: एक २ मिनिटांनी, दुसरी १८ मिनिटांनी. कागदावर सरासरी अंतर १० च आहे, अहवालात सगळं हिरवं. पण १० पैकी ९ प्रवासी त्या १८ मिनिटांच्या खिंडीत सापडतात. सरासरी वाट ८ मिनिटांच्या वर जाते, आणि पहिली गाडी खच्चून भरते, दुसरी हवा वाहून नेते. म्हणून ‘किती फेऱ्या झाल्या’ हे मोजणं पुरत नाही, दोन गाड्यांमधलं अंतर मोजायला हवं. गाड्यांवर जीपीएस असेल तर ही माहिती पडलेलीच असते, फक्त बघणारा हवा.

आता जाळ्याबद्दल. समजा चार वस्त्या आणि चार ठिकाणं आहेत, ३२ गाड्या आहेत, आणि सोयीसाठी धरा की कुठलीही फेरी ८० मिनिटांची. प्रत्येक वस्तीतून प्रत्येक ठिकाणी थेट गाडी द्यायची तर १६ मार्ग, प्रत्येकी २ गाड्या, म्हणजे दर ४० मिनिटांनी एक. त्याऐवजी चारच मार्ग ठेवले, सगळे मधल्या एका स्थानकावर भेटणारे, तर प्रत्येकी ८ गाड्या, दर १० मिनिटांनी एक. पहिल्या रचनेत सरासरी वाट २० मिनिटं. दुसरीत बऱ्याच जणांना गाडी बदलावी लागेल, पण दोन्ही वेळची वाट मिळून १० मिनिटं. आणि घड्याळ बघून घराबाहेर पडायची कटकट संपली. लोकप्रतिनिधी नेहमी ‘थेट गाडी’ मागतात. प्रत्येकाची मागणी मान्य केली की पहिली रचना तयार होते.

अर्थशास्त्रात याच्या जवळचं एक तत्त्व आहे, हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये मांडलेलं. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, आणि फेऱ्या वाढल्या की सगळ्यांचीच वाट कमी होते, आधीच्या प्रवाशांचीसुद्धा. रस्त्यावर एक मोटार वाढली की बाकीच्यांचा वेळ जातो, इथे नेमकं उलटं. सार्वजनिक वाहतुकीला सरकारी पैसा का द्यावा याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात भक्कम कारण.

सोबत_काठी

आकडेमोड, तुमच्या हिशोबात माझा गुडघा कुठे बसतो?

चिडून लिहीत नाहीये. पण ‘एक गाडी बदलावी लागेल’ हे वाक्य तरुण माणसाने तरुण माणसासाठी लिहिलेलं असतं. बदलणं म्हणजे उतरणं, जिना, रस्ता ओलांडणं, दुसऱ्या बाजूचा थांबा शोधणं, उन्हापावसात उभं राहणं, परत रांग, परत चढणं आणि बसायला जागा मिळेल याची खात्री नाही. सोबत लहान मूल किंवा सामान असेल तर विचारूच नका. थेट गाडी ४० मिनिटांनी असली तरी मी तिचीच वाट बघेन.

आकडेमोड

@सोबत_काठी, रास्त आहे. अभ्यासकही बाहेर थांबलेलं एक मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटापेक्षा जड धरतात, साधारण दीडपट-दुप्पट, आणि गाडी बदलण्याचा दंड त्यावर वेगळा. तो दंड मात्र स्थानकाच्या बांधणीवर ठरतो. समोरच्याच फलाटावर, एका पातळीवर, छपराखाली दुसरी गाडी उभी असेल तर थोडा. पादचारी पूल चढून चौकापलीकडे जायचं असेल तर प्रचंड.

शेवटचा_थांबा

@सोबत_काठी, हा मुद्दा मी मागणीत घालतेच: जिथे गाडी बदलणं गृहीत धरलंय तिथे किती पावलं, किती पायऱ्या, छप्पर आहे का, हे आराखड्यात लिहिलेलं हवं. मेट्रोचं स्थानक एका खात्याचं, बसथांबा दुसऱ्याचा आणि मधला पदपथ तिसऱ्याचा, म्हणून तो मधला तुकडा कायम बेवारस.

आणि तिकीट. गाडी बदलली म्हणून पुन्हा पहिल्यापासून भाडं द्यावं लागत असेल तर आकडेमोड यांची दुसरी रचना कुणी स्वीकारणार नाही, नि स्वीकारूही नये. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने जुलै २००४ मध्ये बसमार्गांची फेररचना केली तेव्हा ही गाठ एकाच वेळी सोडवली. लांब मुख्य मार्ग निळ्या बसचे, जोडणारे हिरव्या बसचे, आणि बस असो की भुयारी रेल्वे, भाडं एकूण अंतरावर. खासगी बसमालकांना प्रवाशांमागे पैसे न देता चालवलेल्या किलोमीटरवर द्यायला सुरुवात केली, त्यामुळे थांब्यावर प्रवासी ओढायची शर्यत थांबली. सुरुवातीच्या दिवसांत कार्डाची यंत्रं बंद पडून भरपूर बोंबाबोंब झाली होती. तरी त्यांनी रचना गुंडाळली नाही.

गावाकडचा

हे सगळं मुख्य रस्त्यावरच्यांना. आमच्या वाडीला दिवसातून दोन फेऱ्या आहेत. तुमची ‘दर १० मिनिटांची’ व्यवस्था आली की पहिल्यांदा त्या दोन जाणार, कारण तीच गाडी मुख्य मार्गावर टाकली तर प्रवासी दसपट. अशी सुधारणा मी आधीही बघितली आहे. प्रदेश म्हणताना आम्ही नकाशात असतो, गाड्या वाटताना नसतो.

शेवटचा_थांबा

@गावाकडचा, हा खरा पेच आहे आणि तो आराखड्यात लपवला जातो. गर्दी जिथे जास्त तिथे गाड्या द्यायच्या, की गर्दी असो-नसो सगळ्यांपर्यंत पोचायचं? दोन्ही उद्दिष्टं योग्य आहेत, पण एकच गाडी दोन्ही कामं करू शकत नाही. अधिकारी दोन्हीची आश्वासनं देतात आणि मग प्रत्येक वाडीची फेरी ‘तोट्यात’ म्हणून दाखवतात. ती प्रवासीसंख्येसाठी ठेवलेलीच नव्हती, तर तोटा कसला?

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये २०१५ च्या ऑगस्टमध्ये सगळं बसजाळं एका रात्रीत बदललं. त्याआधी संचालक मंडळाने उघडपणे ठरवलं की ८० टक्के सेवा प्रवासी वाढवण्यासाठी आणि २० टक्के पोच राखण्यासाठी. हे आकडे बरोबर की चूक यावर भांडता येतं, आणि तोच फायदा आहे. तुमच्या वाडीच्या फेऱ्या त्या २० टक्क्यांत एकदा लिहिल्या गेल्या की दरवर्षी प्रवासी मोजून त्यांच्यावर गदा आणता येत नाही. आपल्या प्रदेशात २० हवेत की ४०, हे निवडून आलेल्यांनी सभेत हात वर करून ठरवावं.

स्विस नियमात तर वस्तीचा आकडाच आहे. जिथे वर्षभर किमान १०० माणसं राहतात त्या वस्तीला जोडणाऱ्या प्रादेशिक सेवेचा तोटा केंद्र आणि प्रांत मिळून उचलू शकतात.

खिडकीची_जागा

वाडीसाठी ॲपवर बोलावली की येणारी छोटी गाडी का नको? ठरलेला मार्गच नको, ठरलेली वेळही नको.

आगारवाला

@खिडकीची_जागा, हेलसिंकीने २०१२ मध्ये अशीच सेवा काढली होती, कुट्सुप्लस नावाची. लोकांना आवडली. २०१५ च्या शेवटी बंद केली, दर प्रवाशामागचा खर्च झेपेना. ठरलेल्या मार्गावरच्या गाडीत माणसं स्वतः चालत एका जागी गोळा होतात, ते काम फुकट होतं. इथे गोळा करायला गाडी दारोदार फिरते, चालक तेवढाच लागतो. फार विरळ वस्तीत, दिवसाला चार-पाच प्रवासी असतील तिथे ठीक. त्यापुढे नाही.

वाडीसाठी माझ्या मते फेऱ्यांची संख्या दोनच राहिली तरी चालेल, पण त्या दोन कशाला जोडल्यात ते बघा. शाळा सुटायच्या आधी अर्धा तास निघून गेलेली गाडी काय कामाची? मुख्य मार्गावरच्या गाडीची पाच मिनिटं वाट बघायचा आदेश वाडीच्या चालकाच्या हातात लेखी हवा. बहुतेक ठिकाणी तो थांबला तर त्याच्याच नावावर उशीर लागतो.

रात्रपाळी

रुग्णालयात काम करते. कुठल्याही आराखड्यातलं प्रवासाचं भाकीत बघा, सगळं सकाळच्या गर्दीच्या तासावर बेतलेलं. घर ते कार्यालय, संध्याकाळी परत. माझी पाळी रात्री संपते. सफाई, सुरक्षा, गोदामं, बाजार, रुग्णालयं, सगळे त्या तासाच्या बाहेरचे. शिवाय बायकांचा प्रवास सरळ रेषेत नसतो. मुलाला सोडणं, औषध, बाजार, मग काम. लहान लहान टप्पे, त्यातले बरेच दुपारी. घरोघरच्या प्रवास-पाहण्यांमध्ये देशोदेशी हेच दिसलंय, पण ‘मुख्य उद्देश: नोकरी’ असा एकच रकाना ठेवला की हे टप्पे गायब होतात.

प्रत्येक टप्प्याला वेगळं तिकीट म्हणजे या प्रवाशांवर लावलेला करच. दोन तास चालणारं एक तिकीट हा माझ्यासाठी मेट्रोच्या कुठल्याही नव्या मार्गापेक्षा मोठा प्रकल्प आहे. आणि शेवटची गाडी शेवटची असल्याचं कळायला हवं. ती रद्द झाली तर कोण नेणार, याचं उत्तर तक्त्यातल्या रात्री १० च्या रकान्यात लिहा.

वाचनमात्र

रुमाल उचलतोय. सगळ्यांचं वाचलं. भाडंच काढून टाका की. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभर सार्वजनिक वाहतूक मोफत केली. एस्टोनियाच्या राजधानीने, टॅलिनने, त्याआधी, २०१३ मध्ये, शहराच्या रहिवाशांसाठी. कार्ड नको, यंत्र नको, तिकिटाचा वाद नको.

आकडेमोड

टॅलिनमध्ये प्रवासी थोडे वाढले, पण मोटारींचा वापर नजरेत भरावा इतका घटला नाही. जर्मनीने २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये महिन्याला ९ युरोत प्रादेशिक गाड्या खुल्या केल्या. सुट्टीच्या दिवशी डब्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, कारण गाड्या होत्या तेवढ्याच. स्वस्त करायचं असेल तर व्हिएन्नासारखं करा. २०१२ मध्ये वर्षाचा पास ३६५ युरोंवर आणला आणि त्याच वर्षी रस्त्यावरच्या सशुल्क पार्किंगची हद्द वाढवली. एक हात देणारा, एक घेणारा.

हद्दीपलीकडे

पैशाचा विषय निघालाच आहे तर. बांधकामाला कर्ज मिळतं, अनुदान मिळतं, उद्घाटनाला मंत्री मिळतात. चालवायला दरवर्षी लागणारा पैसा कुणीच देत नाही. पॅरिस प्रदेशाने १९७१ मध्ये यावर उपाय काढला: ठरावीक संख्येपेक्षा जास्त नोकरदार असलेल्या मालकांनी पगाराच्या प्रमाणात वाहतूक-निधी द्यायचा. पुढे तो फ्रान्सच्या इतर शहरांनाही लागू झाला. कामगार वेळेवर पोचण्याचा फायदा मालकाला होतो, मग त्याने वाटा उचलावा, इतकं सरळ. मात्र लोकांचा भरवसा नसेल तर असा निधी मिळत नाही. व्हँकूवर प्रदेशात २०१५ मध्ये विक्रीकरात अर्धा टक्का वाढवायचा प्रस्ताव मतदानाला ठेवला, ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी नाकारला.

संस्थेबद्दल शेवटचा थांबा यांच्याशी शंभर टक्के सहमत. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १९८६ मध्ये लंडन वगळून बस खुल्या बाजारात सोडल्या. ज्याला जो मार्ग हवा तो त्याने चालवावा. ग्रेटर मँचेस्टरमध्ये एका रस्त्यावर चार कंपन्या, दुसऱ्यावर कुणीच नाही, एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. मार्ग आणि भाडं पुन्हा सार्वजनिक संस्थेच्या हातात आणायला सप्टेंबर २०२३ उजाडला आणि ते काम तीन टप्प्यांत जानेवारी २०२५ मध्ये पुरं झालं. गाड्या आजही खासगी कंपन्याच चालवतात, कंत्राटावर. सोडून द्यायला एक कायदा पुरला, परत घ्यायला जवळपास ४० वर्षं. केरळने २०१९ मध्ये महानगर वाहतूक प्राधिकरणाचा कायदा केला आणि २०२० मध्ये कोचीत प्राधिकरण स्थापन झालं. कायद्याने बसवलेली संस्था मिळाली ही मोठी पायरी. आता असं प्राधिकरण बसच्या वेळा बदलू शकतं का, हीच त्याची परीक्षा.

रूळप्रेमी

मार्ग खासगी हातात देण्याला माझाही विरोध. पण हद्दीपलीकडे, प्राधिकरण आलं की स्थानिक महापालिका म्हणते आमच्या बस आमच्या करदात्यांच्या पैशावर चालतात, हद्दीबाहेर का पाठवू?

हद्दीपलीकडे

झुरिकमध्ये प्रांत आणि गावं मिळून तोटा वाटून घेतात, आणि गावाला किती सेवा मिळते यावर त्याचा वाटा बराचसा अवलंबून असतो. जास्त गाड्या हव्यात तर जास्त द्या. हद्द गाडीसाठी नसते, हिशोबासाठी असते.

शेवटचा_थांबा

आराखडे हरकती-सूचनांसाठी खुले असतात तेव्हा पाठवायला एक मसुदा करतेय. तक्ता, गाडी बदलण्याच्या जागा, दोन तासांचं तिकीट, पोच-सेवेची ठरलेली टक्केवारी, आगारांच्या जागा, शेवटच्या गाडीची हमी, एवढं घेतलंय. सोबत माहितीही मागायची आहे. वेळापत्रक जीटीएफएस या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपात मागते, म्हणजे कुणालाही संगणकावर तपासता येईल. हे स्वरूप २००५ मध्ये पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेने गूगलसोबत सुरू केलं, आता जगभर चालतं, त्यामुळे ‘तांत्रिक अडचण’ हे उत्तर चालणार नाही. आगारवाले काका, आणखी काय मागू?

आगारवाला

तीन गोष्टी. थांब्यानुसार चढणारे-उतरणारे, तासावार. रद्द झालेल्या फेऱ्या, कारणासकट. आणि धावण्याचा वेळ.

धावण्याचा वेळ मागताना नुसती सरासरी मागू नका, तीच देऊन बोळवण करतील. प्रत्येक फेरीचा प्रत्यक्ष वेळ मागा. सरासरीवर वेळापत्रक बसवलं की साधारण निम्म्या फेऱ्या उशिरा पोचतात, चालकाची शेवटच्या थांब्यावरची विश्रांती त्यात जाते आणि पुढची फेरी सुटतानाच उशिरा सुटते. आम्ही १० पैकी ८-९ फेऱ्या ज्या वेळात बसतात तो आकडा धरायचो. सकाळचा आणि दुपारचा वेगवेगळा काढायचा. मसुदा इथे टाका, रकाने मी बघून देतो.